कात्रीबाईचा अपूर्णांकांचा डाव

कात्रीबाईच्या घरी जुगार चालतो, अशी गल्लीत कुजबुज होती. संध्याकाळी शिलाई मशीन थांबलं, की पडद्याआडून फासा खुळखुळायचा आणि वर आरडाओरडा: "पाव माझा! अर्धा टाक आधी!" असं ऐकून गप्प बसेल ती गल्ली कसली? शेवटी इस्त्रीवाल्यानं कपडे द्यायच्या निमित्तानं आत डोकावलं आणि बातमीतली हवाच गेली. जुगारी दोनच निघाले: शिवणकाम करणारी कात्रीबाई आणि तिची चौथीतली लेक.

लेकीचं अपूर्णांकांशी हाडवैर. चारापेक्षा आठ मोठे, म्हणून पावापेक्षा एक अष्टमांश मोठा, यावर ती अडून बसलेली. शनिवारच्या चाचणीत नापास झाली, तर शाळेतल्या बाई तिला मागच्या गटात बसवणार होत्या, जिवाभावाच्या मैत्रिणीपासून लांब. कात्रीबाईनं समजावलं, मग ओरडली, मग वही आपटली. शेवटी मायलेकींनी मिळून रडून घेतलं. डोळे पुसून कात्रीबाईनं चिंध्यांची पिशवी उपडी केली.

"हे बघ. काळी पट्टी म्हणजे अख्खा एक. लाल अर्धा, पिवळा पाव, निळा आठवा. फाशावर जो रंग पडेल तो तुकडा उचलायचा. पांढरा पडला तर हवा तो. जिची काळी पट्टी आधी भरेल ती जिंकली."

लेकीला पांढरा पडला. तिनं झडप घालून निळा उचलला.

"हा? एवढासाच?"

"आठ जणांत वाटल्यावर वाट्याला एवढंच येणार, राणीसाहेब!"

दोन डाव हरल्यावर राणीसाहेबांनी निळ्याचा नाद सोडला. पण तिसऱ्या डावात पिवळे चार तुकडे ओळीनं मांडले, तर शेवटचा काळ्या पट्टीबाहेर लोंबायला लागला.

"आई, चार पाव एकाहून जास्त होतात!"

"काहीतरीच काय! माझं माप कधी चुकत नाही," म्हणत कात्रीबाईनं टेप लावली आणि कपाळावर हात मारला. सवयीचा हात तो! प्रत्येक तुकड्याला शिवणीसाठी बोटभर माया सोडून बसला होता.

लेक खुदखुदली. "मग आठवे मांडले तर अजून बाहेर जातील. तुकडे जास्त, तेवढी तुझी बोटं जास्त!"

कात्रीबाई बघतच राहिली. न मांडता, न मोजता पोरीनं हे ओळखलं होतं. आता शनिवारची भीती नाही, हे तिला तिथंच कळलं. तिनं कॉलरला लावायचं कडक बकरम काढलं आणि घड्या घालायला लेकीलाच बसवलं. अर्ध्याची घडी पाव, पावाची घडी आठवा. इस्त्री फिरवायची आणि घडीवरच कात्री. तुकडा लहान होताना लेकीनं आपल्या बोटांनी पाहिला.

शनिवारी फळ्यावर प्रश्न होता: तीन अष्टमांश मोठे की एक चतुर्थांश? लेकीनं बाकावर बोटांनीच पट्ट्या मांडल्या आणि बरोबर लिहिलं. सोमवारी ती मैत्रिणीला खेटून आपल्या जागेवर बसली.

थोरल्या जाऊबाईंना काही ते पटलं नाही. "नशिबानं पास झाली गं. खेळून कुणी शिकतं होय?"

कात्रीबाईनं सुईत दोरा ओवला.

"जाऊबाई, ओरडून शिकवायचे तेव्हा आम्ही दोघी रडायचो. आता मी एकटीच रडते, कारण कार्टी मला एक डाव जिंकू देत नाही."