बस्त्याच्या सकाळी न उठलेलं मशीन

मेव्हण्याच्या पोरीच्या साखरपुड्याचं शूटिंग ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये मावेना, म्हणून मी त्यातली सगळ्यात मोठी फाइल शोधून पुसून टाकली. नाव अगडबंब, उघडायला गेलं तर उघडत नव्हती. ‘ही कचरापेटीत मावणार नाही, कायमची पुसू का?’ असं लॅपटॉपनं अदबीनं विचारलंसुद्धा. मी व्हय म्हणून मोकळा झालो. इतकी वर्षं संगणकात काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी काम उघडलं, तर ‘व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही.’ आमच्या धंद्यात प्रत्येक प्रोग्राम आपापल्या डब्यात बसतो, त्याला कंटेनर म्हणतात. ते डबे ठेवायला खऱ्या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक मांडलेला असतो, तेच हे व्हर्च्युअल मशीन. मी पुसलं ते त्याचंच घर होतं, डब्यांसकट.

दुपारी शेंद्र्याच्या एका कारखान्याला याच लॅपटॉपवरून काम दाखवायचं होतं. आणि त्याच दिवशी पैठणला पोरीचा बस्ता. बायको नवरीची एकुलती आत्या. मुलाकडचे दुकानात आधी पोचले, तर ते पुढं करतील तो शालू पोरीच्या गळ्यात पडणार, ही तिची धास्ती.

“अहो, झालं का?”

“आत्ता होतंय.”

“उठल्यापासून आत्ताच होतंय तुमचं.”

तरी मी घाबरलो नव्हतो. आमचं लिखाण सर्व्हरवर सुखरूप होतं. घर काय, पुन्हा बांधता येतं. लॅपटॉप बंद करून चालू केला. तोच निरोप. मशीन चालवणारा प्रोग्राम काढून नव्यानं टाकला. पुन्हा तोच. मग निरोप सावकाश, शेवटपर्यंत वाचला, जे मी ऑफिसातल्या पोरांना नेहमी शिकवतो आणि स्वतः कधी करत नाही. फाइल गेली होती, पण जुन्या मशीनची नोंद शिल्लक होती. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव तसंच राहावं, तसला प्रकार. ती नोंद काढली आणि नवं मशीन पहिल्या हाकेला उठलं.

आता त्यात डबे भरायचे होते. ते इंटरनेटवरून उतरेपर्यंत बायकोनं गाडीची किल्ली उचलली.

“मी चालवते. तुम्ही बसा ते मांडीवर घेऊन.”

बिडकीन मागं पडलं तेव्हा एक सोडून सगळे डबे चालू होते. उरलेला उठायचा आणि पडायचा. त्याला लागणारी माहितीच मी भरली नव्हती. फोनच्या नेटवरून ती ओढून घेतली, तेव्हा कुठं तो उभा राहिला.

दुकानात पोचलो तर मुलाकडचे अजून वाटेत होते. बायको थेट गादीवर. मी कोपऱ्यात साड्यांच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून कारखान्याच्या साहेबांना व्हिडिओ कॉलवर काम दाखवलं. सगळं सुरळीत चाललं.

“मागं कसला गोंधळ आहे?” साहेबांनी विचारलं.

“घरचा बस्ता आहे, साहेब.”

“अरे, मग उरकतं घ्या! काम आम्हाला पटलंय.”

शालू आत्याच्याच पसंतीचा ठरला. मुलाकडच्यांनीही मान डोलावली. परतीच्या वाटेवर मी लई खुशीत होतो. मशीन कसं न चिडता, पायरीपायरीनं उठवलं, ते बायकोला सविस्तर सांगितलं.

ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “ते चारदा पडलं, तरी चकार शब्द बोलला नाहीत त्याला. मी साडी नेसायला जरा वेळ लावला, की खालून हॉर्न वाजवता.”