शनिवारचा बंद फोन

माणिकपूरच्या औषधाच्या दुकानात महिन्यातून एकदा भेटणाऱ्या त्या आजोबांचं नाव मी कधी विचारलं नाही. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू; बोलणं थेट अलिबागकडचं. पाच म्हाताऱ्यांची औषधं ते न्यायचे. पैसे समाजाच्या धर्मादाय ट्रस्टचे. घेणाऱ्याला कमीपणा वाटू नये म्हणून पुडीवर नाव घालत नसत. पेन्सिलीने नुसती इमारत आणि मजला.

या वेळी पुड्या दोनच. मी कारण विचारलं.

"ह्या माझ्या पेन्शनमधून. ट्रस्टची ठेव आमच्याच एकाने गुंतवायला नेली. आमच्यासारखाच शब्बाथ पाळायचा, शनिवारी फोन उचलायचा नाही, म्हणून डोळे झाकून दिली. एका शुक्रवारी व्याज आलं नाही, संध्याकाळी फोन बंद. आम्ही म्हटलं, सूर्य मावळला, शब्बाथ लागला. रविवारी घरी गेलो तर कुलूप. तो कधीच देशाबाहेर! उरलेल्या तिघांना आता काय सांगू?"

आजारी म्हाताऱ्यांची औषधं गिळून हा पसार! माझं डोकंच सणकलं. "निदान आता तरी शनिवारी फोन चालू ठेवा," मी म्हणालो.

"का म्हणून?" ते कडाडले. "चोराने पाळला म्हणून शनिवार काय त्याच्या बापाचा झाला?"