सर्व्हर बंद होता, तरी कोमल टाइप करत होती

नमस्कार मंडळी... इथं पहिल्यांदाच लिहितेय आणि भराभर टाइप करायलेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी एक सांगून टाकते. मी या ग्रुपवर बरेच दिवसांपासून आहे, पण टिंगल करायला! खरंच. घाटातली बाई, विहिरीतून येणारा आवाज, असलं काही आलं की मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. कारण माझं कामच तसं आहे. नेट गेलं? केबल बघ. केबल नीट आहे? स्विच बघ. स्विच पण नीट आहे? मग सेटिंगमधी कुणीतरी बोट घातलंय. कारण सापडतंच. उशिरा सापडेल पण सापडतं.

हे एक सोडून.

मी नांदेडची. इम्रानभाई म्हणून माझे सीनिअर आहेत, त्यांच्यासोबत शाळा, क्लासेस असल्या ठिकाणी कॉम्प्युटर लॅब बसवायचं काम करते. ते मला बेटा म्हणतात आणि दिवसभर माझी खेचतात. मागच्या वर्षी आम्हाला अहमदपूरचं काम मिळालं. टायपिंग इन्स्टिट्यूट, नाव सांगत नाही, एस.टी. स्टँडपासून चालत जाता येतं एवढंच. मालक स्वामी सर. कपाळाला भस्म, आवाज असा की समोरच्या रसवंतीवाल्याला पण ऐकू जावा.

तिथं आम्ही थिन क्लायंट बसवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पूर्ण गोष्ट ह्याच्यावरच आहे. थिन क्लायंट म्हणजे कॉम्प्युटर नाहीच. मॉनिटरच्या मागं चिकटवलेली एक डब्बी, साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी. तिच्यात हार्ड डिस्क नाही, काही सेव्ह होत नाही, तिला स्वतःचं डोकंच नाही. खरा कॉम्प्युटर एकच, सर्व्हर, तो सरांच्या केबिनमधी. तुम्ही इकडं की दाबली की ती केबलमधून तिकडं जाते, सर्व्हर अक्षर उमटवतो आणि त्याचं चित्र इकडं पाठवतो. डब्बी म्हणजे नुसती खिडकी! म्हणूनच सांभाळायला लई सोपं. पोरांना काही बिघडवता येत नाही, एका जागी बसून सगळ्या मशीन चालू-बंद करता येतात, मराठी कीबोर्डची सेटिंग एकदा टाकली की सगळीकडं जाते. पण सर्व्हर गेला... की सगळ्या खिडक्या काळ्या. एकदम. सगळ्या.

लॅब बसवायलो होतो तेव्हाच कोमलची ओळख झाली. चाकूरहून यायची एस.टी.नं, नोकरी सांभाळून. तिचे वडील तिथंच एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते, ते वारले, त्यांच्या जागी हिला अनुकंपावर घेतलं. अट अशी की ठरलेल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. घरात आई आणि बारावीतला भाऊ, सगळं हिच्या पगारावर. आणि ही आधी नापास झालेली. मुदतीच्या आतली ही शेवटची परीक्षा होती.

मी डब्ब्यांच्या मागं वाकून केबली खोचायले, ही माझ्या डोक्यावर उभी.

"ताई, ह्या डब्ब्या मधीच बंद न्हाई ना पडायच्या?"

"नाही गं, बिनधास्त रहा."

"मागल्या बारीला बी सर असंच म्हणले होते."

तिकडून सर ओरडले, "ए कोमल! मशीनला नाव ठिऊ नको. तुझी बोटं थांबत्यात अन् तोंड चालतंय!"

"तोंडाची परीक्षा ठिवा की मग सर, पैली येते!"

अशी होती ती. पण बोलून झालं की हाताचे तळवे सारखे ओढणीला पुसायची.

परीक्षेचा दिवस. शुक्रवार, भर दुपार, म्हणजे अंधार-बिंधार काही नाही, खिडकीतून ऊन आत आलेलं. लातूरहून एक निरीक्षक साहेब आलेले. मालकाला परीक्षेत लॅबमधी बसू देत नाहीत म्हणून स्वामी सर बाहेर गेटवर. इम्रानभाई जुम्माच्या नमाजला गेलेले, मला म्हणून गेले, "बेटा, किसी चीज को हात मत लगाना, बस देखते रह." मी मागं भिंतीला टेकून उभी.

लाइट सकाळपासून गेलेली होती. पण ती तयारी आम्ही केलेली. लॅबचे मॉनिटर आणि डब्ब्या मोठ्या इन्व्हर्टरवर. सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथं येऊन जुळतात तो खोका, केबिनमधी वेगळ्या यूपीएसवर. एकदम फुलप्रूफ, असं मला वाटत होतं...

आणि परीक्षेच्या मधीच नळ आले.

मराठवाड्यातल्या लोकांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांनी समजून घ्या. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. कधी येईल ते पण सांगता येत नाही. आलं की माणूस हातातलं सगळं टाकून मोटर लावायला पळतो, मग घरात लग्न असो का काही. तिथं झाडलोट आणि पाण्याचं बघायला सुलोचना मावशी होत्या. मागच्या बारीला त्यांचं पाणी हुकलं होतं आणि सरांनी त्यांना लई झापलं होतं. आता पाणी आलं, तर लाइट नाही, मोटर चालेना. मग मावशींनी काय करावं? केबिनमधी ज्या डब्ब्यावर, म्हणजे यूपीएसवर, हिरवा दिवा लागलाय तिथं करंट आहे एवढं त्यांना दिसलं. त्यातली पिन ओढली आणि मोटरची खोचली!

ती पिन सर्व्हर आणि स्विच दोन्ही लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाची होती. आणि यूपीएसनं मोटर कुठून ओढायला... एकदा घुर्र झालं, मोठ्ठा बीप, आणि तो पण गेला.

लॅबमधी सगळ्या स्क्रीन काळ्या. वर बारीक अक्षरात "सर्व्हरशी संपर्क तुटला". आणि एकच गोंधळ. "मॅडम गेलं!" "ओ सर, माझं सगळं गेलं!" निरीक्षक साहेब खुर्चीतून उठलेले. मी केबिनकडं पळायला वळले आणि...

भिंतीकडंच्या टोकाच्या मशीनवर कोमल टाइप करायली होती.

मला वाटलं स्क्रीन अडकली असेल. होतं तसं कधी कधी, शेवटचं चित्र तसंच राहतं. म्हणून जवळ गेले. आणि मंडळी, शपथेवर सांगते, अक्षरं पुढं सरकत होती. ती की दाबते, अक्षर उमटतंय. ओळ संपली, खालच्या ओळीवर गेली. कोपऱ्यातलं घड्याळ चालू. मी वाकून डब्बीच्या मागं बघितलं, केबल जिथं खोचतो तिथं एक हिरवी लाइट लुकलुकत असते. ती बंद होती. म्हणजे केबलमधून काहीच येत नव्हतं, जात पण नव्हतं.

मी तशीच पळत केबिनमधी गेले तर मावशी मोटरची पिन हातात घेऊन उभ्या.

"पोरी, मोटर न्हाई चालायली गं..."

सर्व्हरला हात लावला. पंखा थांबलेला. स्विचवर एक दिवा नाही. पूर्ण मेलेलं. मी परत लॅबमधी पळाले, कारण माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. कोमल अजून टाइप करायली! निरीक्षक साहेब तिच्या मागं येऊन उभे राहिलेले, चष्मा कपाळावर. माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "ही कशी काय चालू हाय?"

मी परत वाकून डब्बीच्या मागं बघितलं, हिरवी लाइट बंदच.

तिची वेळ संपली. तिनं हात काढले, तळवे ओढणीला पुसले, आणि तेव्हा तिची स्क्रीन काळी झाली. बाकीच्यांसारखीच. वर तीच बारीक अक्षरं.

"कोमल, तुझं मधी बंद नाही पडलं?"

"न्हाई की. दुसऱ्यांचं गेल्यावानी वाटलं. म्हणलं आपलं चालूय तवर उरकून घ्यावं."

तोवर इम्रानभाई आले. यूपीएस कामातून गेलेला, म्हणून आम्ही इन्व्हर्टरवरून वायर ओढून सर्व्हर चालू केला. बाकीच्या पोरांचं टायपिंग जिथं करंट गेला तिथं तुटलेलं. कोमलचा उतारा पूर्ण. शेवटच्या ओळीपर्यंत. आणि सेव्ह झाल्याची वेळ? सर्व्हर बंद होता त्या वेळातली. सर्व्हर स्वतःच्याच नोंदीत म्हणतोय मी तेव्हा बंद होतो... आणि तोच सर्व्हर म्हणतोय तेव्हा मी कोमलचा उतारा सेव्ह केला. मी किती वेळा बघितलं असेल!

आता खरा प्रॉब्लेम. सगळ्यांची फेरपरीक्षा होणार हे नक्की, पण ती कोमलची मुदत संपल्यावर. म्हणजे हिचा आजचा पेपर धरला तर नोकरी, नाही धरला तर खलास. आणि साहेबांना संशय येणारच ना. सगळ्यांचं गेलं, एकीचंच कसं राहिलं? तिला वेगळी मशीन दिली का? आधीच टाइप करून ठेवलं होतं का? त्यांनी तिला तिथंच बसवलं, स्वतःच्या बॅगेतला वेगळा उतारा काढला, "कर बरं माझ्यासमोर." तिनं केला. तोच वेग, त्याच अडखळायच्या सवयी. मग साहेबांनी वरच्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकून माझ्यापुढं धरला. "टेक्निकल कारण सांगा म्हणतेत."

इम्रानभाई माझ्या कानात, "बोल ना, डब्बी में मेमरी रहती. खतम बात."

"भाई, पण नसते ना!"

"मालूम है नसते! उसको कहाँ मालूम?"

मी कोमलकडं बघितलं. ती भिंतीला पाठ लावून उभी, तळवे ओढणीला पुसायली. मला वाटलं, मेमरी आहे म्हणलं आणि उद्या कुणी डब्बी उघडून बघितली तर? खोटं माझं निघेल आणि कॉपी हिच्यावर लागेल. म्हणून फोनमधी जे खरं तेच बोलले. "सर, उमेदवाराला टाइप करताना मी आणि साहेबांनी डोळ्यानं बघितलं. सर्व्हर तेव्हा बंद होता. कसं झालं ते मला माहीत नाही."

तिकडून वरचे साहेब, "मजकूर आलाय का न्हाई?"

"आलाय सर."

"सगळा?"

"सगळा."

"मग मला कशाला फोन करायलात? जेवायला बसलोय मी. तिचं पाठवा, बाकीच्यांची परत घ्या."

खट्. ठेवला फोन. मी तोंड उघडं ठेवून उभी... कुणाला काही पडलेलीच नाही!

त्या दिवशी सगळे गेल्यावर आम्ही ती डब्बी स्क्रू काढून उघडली. आत काहीच नाही, बाकीच्यांसारखीच. सर्व्हर बंद करून बघितला, पहिल्या झटक्यात काळी. केबल ओढली, काळी. जागा बदलली, मॉनिटर बदलला, मी स्वतः कोमलच्या खुर्चीत बसून टाइप केलं... काळी, काळी, काळी. इम्रानभाई म्हणले, "मुमकिन नै बेटा," आणि नांदेडला परत येताना लोहा गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तो माणूस गप्प बसू शकत नाही, त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा.

कोमल पास झाली. काठावर, पण झाली. नोकरी राहिली. मी खूश, मला वाटलं विषय संपला.

मग मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज उतरलेला. झालं असं की ही गोष्ट अहमदपुरातून चाकूरला तिच्या ऑफिसात पोचली. तिची आई तर आधीच माहूरला जाऊन देवीची ओटी भरून आली होती, शेजारीपाजारी सांगून आली होती की रेणुकामाता पोरीसाठी धावली. काहीजण म्हणतात वडलांनीच येऊन केलं.

"ताई, ऑफिसातले म्हणतेत देवीनं टाइप केलेली बाई आली. टायपिंगला कागद दिला की म्हणतेत, तू करतीस का माहूरला पाठवू? मी बी गेल्ते ओ देवीला, हात जोडले. पण..."

मग एकदम म्हणाली, "टाइप तर मीच केलं ना?"

मी म्हणलं, "हाव गं. मी तुझ्या मागं उभी होते. तुझीच बोटं चालायली होती. मी बघितलंय."

"खरं?"

"खरं."

"मग हेच लिहा कुठंतरी," म्हणाली आणि ठेवला फोन.

म्हणून लिहायलेय. मला एवढंच पक्कं माहीत आहे. ती दाबत होती ते तेव्हा कुठं जात होतं, कशात साठत होतं, कुणी धरून ठेवलं... खरंच माहीत नाही, आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. इथं कुणी नेटवर्किंगवालं असेल तर प्लीज सांगा, मी सगळ्या सेटिंग द्यायला तयार आहे. देवीनं केलं, वडलांनी केलं असं म्हणायचं असेल तर तेपण म्हणा, मी आता हसणार नाही. फक्त कमेंट लिहिताना आधी एक लिहा, की टाइप कोमलनं केलं. ती इथं येऊन वाचणार आहे.