उजवीकडचं तिसरं घर

माझ्या चुलतभावाचं काही बरं झालं की माझ्या पोटात दुखायचं. लपवून काय करू? आम्ही एकाच गावचे, आचऱ्याचे, एकाच वयाचे, पण शाळेत पहिला तो, पोहण्यात पुढे तो, आणि माझी सख्खी आई माझ्यासमोर म्हणायची, "शिकून घे रे काय तरी तेच्याकडसून." मुंबईत कॉम्प्युटरच्या कामावर मी आधी चिकटलो, तर वर्षभरात हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर हजर! भाऊबंद म्हणजे भिंतीतला पिंपळ, कुठेही उगवतो.

एकोणीसशे साठच्या दशकाची ती अखेरची वर्षं. त्या अवाढव्य यंत्रात मॉनिटर नावाचा एक प्रोग्राम असे. तो बाकीच्या प्रोग्रामांचा कारभारी. कुणाला यंत्र कधी द्यायचं ते तोच ठरवी. हा कारभारीच बिघडला तर त्याला चालता चालता थांबवून तपासावं लागे. त्यासाठी त्याची एक आज्ञा उचलून बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी 'थांब' ही आज्ञा बसवायची. यंत्र थांबलं की त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायचं, मग बाजूला ठेवलेली आज्ञा त्या बाजूच्या जागेवरच चालवायची आणि यंत्राला पुढे सोडायचं. आमची ही युक्ती कधी बिनबोभाट चाले, तर कधी यंत्र पुढे सोडलं की भलतीकडेच भरकटे. का, ते कळेना. साहेबांनी सांगून टाकलं, जो हे निस्तरेल तो मॉनिटरवर राहील, दुसऱ्याने पगारपत्रकांकडे परत जायचं. पगारपत्रकं! तीच करून करून मी विटलो होतो.

नेमकी तेव्हा गावपळण आली. देवाचा हुकूम झाला की आमचं अख्खं गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. आम्ही दोघेही रजा टाकून आलो, आणि दोघांच्याही पिशवीत मॉनिटरच्या आज्ञा छापलेल्या कागदांचं भेंडोळं. माळावर ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने खोप, म्हणजे झावळ्यांची झोपडी, उभारली; चुलतभावाची आमच्या डावीकडेच. मी कागद उघडला की तोही उघडी. तो जरा हसला तरी मला धडकी भरे, सापडलं वाटतं मेल्याला!

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या काड्यापेटीतल्या काड्या दवाने सादळल्या. ती म्हणाली, "रे, उजवेकडच्या तिसऱ्या घरात जा आणि मावशेकडसून इस्तो घेवन ये." गावात आमच्या उजवीकडचं तिसरं घर मावशीचं, सवयीने तिच्या तोंडून गेलं. माझंही डोकं कागदात. विस्तव आणायला उठलो आणि उजवीकडच्या तिसऱ्या खोपीत सरळ शिरलो. ती निघाली एका म्हाताऱ्याची, ज्याच्याशी कुंपणाच्या भांडणावरून आमचं बोलणं बंद होतं! म्हातारा लंगोटीवर, अंगाला तेल चोळत बसलेला. "शिरा पडो तुज्या तोंडार! खंय घुसतंस?" म्हणत तो तेलाची वाटी घेऊनच माझ्यावर धावला. मी पळत सुटलो. सगळा माळ हसला, सर्वांत मोठ्याने माझा चुलतभाऊ.

आणि हसता हसता तो एकदम गप्प झाला. कागद उघडून ओळींवरून बोट फिरवू लागला. मग ओरडलाच, "अरे, ह्याच! ह्याच होता हा!" मला हाताला धरून खाली बसवलं. "बघ. काय काय आज्ञा पक्को पत्तो सांगतत. त्यो खंयय चालव, बिघडत नाय. पण काय काय आज्ञा म्हणतत, 'माज्यापासून पुढची तिसरी जागा'. असली आज्ञा आपण बाजूक नेवन चालवतंव, नि मगे तिसरी जागा नव्या ठिकाणापासून मोजली जाता. तू गेलंस ना म्हाताऱ्याकडे, तसा! मोजूक व्हया मूळ जागेपासून."

बरोबर होतं. ऐकताक्षणी कळलं की बरोबर आहे, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोपीत घुसलो मी, शिव्या खाल्ल्या मी, आणि शहाणपण मात्र त्याला!

परत गावात जायचं तर देवाचा कौल लागतो. कौल घेताना सगळे हात जोडून उभे होते. मीही उभा होतो, पण माझं गाऱ्हाणं वेगळं, "देवा म्हाराजा, ह्याचा चुकांदे." गावाला कौल मिळाला. मुंबईत त्याने मोजणी मूळ जागेपासून लावली आणि यंत्र निमूट सरळ चाललं. तो मॉनिटरवर राहिला, मी पगारपत्रकांकडे गेलो.

मे महिन्यात घरी आलो तेव्हा आई पडवीत फणस फोडत बसली होती. तो माझ्याआधी येऊन, "काकी, तुज्या बोलण्यान माजा काम झाला" असं सांगून, तिच्या पाया पडून गेला होता. आई आल्यागेल्याला तेच ऐकवत होती. शेवटी मी भडकलो, "गे आये, पुरे ता तेचा कौतुक!"

तिने हातातला गरा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"पण बाबा, सांगलंय मी तुका. गेल्लंस पण तू. मगे तुका कसा नाय समाजला?"