बादल्यांतले मासे

आमच्या मोहने गावात पुराचं पाणी शिरलं त्या दिवशी आम्हा चाळीतल्या लोकांना शाळेच्या पहिल्या मजल्यावर हलवलेलं. कुणी कागदपत्रं आणलेली, कुणी गॅसची शेगडी. पन्नाशीचे एक गृहस्थ मात्र रंगीत माशांनी भरलेल्या दोन बादल्या सांभाळत आले. बाजारातलं त्यांचं माशांचं दुकान बुडालं होतं; वाचले तेवढे मासे त्यांनी उचलले होते.

वर्गात बसल्यापासून ते मगाने पाणी घ्यायचे आणि हातभर उंचीवरून परत बादलीत ओतायचे. मला राहवेना.

"काका, हे कशाला?"

"लाइट नाही, हवेचा पंप बंद. असं ओतलं की पाण्यात हवा मिसळते."

"मग पुरात सोडून द्या ना. मासेच ते, पोहतील."

"अरे, हे काचेत वाढलेले. त्या गढूळ पाण्यात मासासुद्धा गुदमरतो."

मासा पाण्यात गुदमरतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी दुसरा मग घेतला. संध्याकाळपर्यंत आम्ही ओतत राहिलो. चार मासे गेले, बाकीचे जगले.

पाणी उतरल्यावर ते निघाले, तेव्हा मी विचारलं, "आता दुकानाचं काय?"

"बघू नंतर. आधी यांच्यासाठी स्वच्छ पाणी शोधतो," म्हणाले, आणि बादल्या हिंदकळू न देता चिखलातून सावकाश चालू लागले.