लिफ्टरावांनी पळवलेला ड्रायर

आधी थोरलीची कबुली उरकून घेऊ. तिला वाटलं होतं, धाकट्या बहिणीचा नवरा बाईच्या नादी लागलाय. आता हे सांगताना तिला इतकं हसू येतं की हातातला चहाचा कप खाली ठेवावा लागतो, पण त्या रविवारी सकाळी साडेसहाला तिला अजिबात हसू आलं नव्हतं. तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही, तो बायकोचा हेअर ड्रायर जाकिटात लपवून, चपला हातात घेऊन, चोरपावलांनी घराबाहेर पडला तर दुसरं काय वाटणार? केस असलेली कुणीतरी कुठेतरी ओल्या डोक्याने वाट बघत बसली आहे, एवढं तर उघड होतं.

थोरली आदल्याच संध्याकाळी आली होती. तिच्या घराला रंग काढायचा होता, म्हणून पंधरा दिवस बहिणीकडे मुक्काम. धाकटीचं पार्लर घरातच, पुढच्या खोलीत. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, केस धुवायचं एक बेसिन, आणि आरशाशेजारच्या हुकाला लटकलेला तो ड्रायर. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला लिफ्टराव हे नाव थोरलीनेच ठेवलं होतं, अगदी लग्नाच्या जेवणातच. बटण दाबलं की दार उघडतं, सांगाल त्या मजल्यावर नेऊन सोडतात, आणि आतून आवाज म्हणून नाही. बावीस वर्षं झाली, नाव आणि माणूस दोन्ही तसेच होते. धाकटी बोलायची, लिफ्टराव "हं" म्हणायचे. संसार सुरळीत चालला होता.

तर थोरलीने गाउनवर स्वेटर चढवला आणि निघाली मागोमाग. बहिणीला उठवून सांगायचं सुचलं नाही असं ती म्हणते. खरं म्हणजे आधी स्वतः बघायचं होतं. पिशवी खांद्याला लावून लिफ्टराव पुढे, ही विजेच्या खांबाखांबाआडून मागे. त्या खांबांमागे तिचा निम्मा देह तरी झाकला गेला असेल की नाही शंकाच आहे, पण लिफ्टरावांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

गल्ली संपली की बंद पडलेलं फर्निचरचं गोदाम आहे. त्याच्यापुढे सिमेंटचं मोठं मोकळं अंगण. लिफ्टराव तिथे शिरले. वॉचमनच्या केबिनमधून लांबलचक वायर ओढली, गुडघे टेकले आणि पिशवीतून हातभर लांबीची गाडी काढून जमिनीवर ठेवली. जाड चाकं, खरचटलेलं लाल टप. टप काढलं, आणि आत जे लिंबाएवढं इंजिन होतं त्याच्यावर ड्रायर धरला. किती प्रेमाने धरला म्हणता! एका हाताने वारा द्यायचा, दुसऱ्या हाताचं बोट मधूनमधून टेकवून पाहायचं. तान्ह्या बाळाचं जावळ वाळवावं तसं.

थोरली तिथेच मटकन बसली. हायसं वाटून बसली की निराश होऊन, हे तिलाही नक्की सांगता येत नाही.

"या ताई," लिफ्टराव न वळता म्हणाले. "खांबाला ओला रंग होता. स्वेटर बघा."

स्वेटरवर हिरवा पट्टा होता. माणसाने मागे न बघता चपलेच्या आवाजावरून ओळखलं होतं, पण हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. ती गाडी बघण्यात गुंग झाली होती.

आणि मग काय झालं, तर लिफ्टराव बोलले. बावीस वर्षांत मेहुणीशी एकूण जेवढं बोलले असतील तेवढं त्या दहा मिनिटांत बोलले. ही बॅटरीची गाडी नव्हे, नायट्रोची. खरं इंजिन, खरं इंधन, खरा धूर. बाटलीतलं ते सरबतासारखं गुलाबी इंधन घातलं की टाकीभर आठ-दहा मिनिटं पळते. त्यांनी दोन वर्षांपूर्वी ती जुनी, कुणाची तरी वापरलेली घेतली आणि तिसऱ्याच आठवड्यात इंजिनाचा जीव घेतला. कशाने? घाईने. थंडगार इंजिनाची दोरी हिसकली, आतला दांडा मोडला. महिनोन्महिने दुकानाच्या काचेपाशी थांबून थांबून शेवटी नवीन इंजिन आणलं, साबणाच्या वडीएवढ्या खोक्यातून. नव्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला घट्ट बसतो. आधी ऊब द्यायची, मग दोरी ओढायची. पहिल्या पाच-सहा टाक्या नुसतं हळू हळू फिरवायचं, सुईचा स्क्रू सैल ठेवून इंधन सढळ सोडायचं, प्रत्येक टाकीनंतर पूर्ण निवू द्यायचं. या काळात जो घाई करतो त्याचं इंजिन आयुष्यभर कुरकुरतं.

थोरलीला तिच्या सासूची आठवण झाली, पण ती काही बोलली नाही.

दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ती चिमुकली गाडी असं काही ओरडली की गोदामावरची कबुतरं उडाली. मागून निळसर धुराची शेपटी, तापलेल्या एरंडेलासारखा गोडूस वास. गाडी अंगणात गोल गोल फिरायला लागली आणि थोरली, वय वर्षे एकसष्ट, टाळ्या वाजवायला लागली. नऊच्या आत दोघं घरी परतली तेव्हा ड्रायर थोरलीच्या स्वेटरखाली होता. गुपित कुणाचं, लपवतंय कोण, सगळा घोटाळाच.

कारण गाडीचं धाकटीला ठाऊक होतं, ड्रायरचं नव्हतं. गाडीवर तिचा आधीच राग. त्यात रोजीरोटीचं हत्यार त्या गाडीला वारा घालतंय हे कळलं असतं तर दोन्ही एकदमच खिडकीबाहेर गेली असती. मंगळवारी एका गिऱ्हाईक बाईने नाक उडवत विचारलं, केसांना हा वास कसला येतोय. थोरलीने डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं की नवीन तेल आहे, मुळांना फार चांगलं. बाईने जाताना बाटली मागितली.

बुधवारी धाकटी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, थोरली मटार सोलत होती, लिफ्टराव दाराशी बसून गाडीचं चाक साफ करत होते, मिक्सर चालू होता, नळही चालू होता, आणि या सगळ्यावर धाकटी बोलत होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात बूट ठेवले, गॅसवाल्याने फोन उचलला नाही, ड्रायर आता जळका वास मारतो, नवीनच घ्यायला हवा, लांब वायरचा, निळा मिळाला तर छान, नाहीतर नको, निळ्यावर रंगाचे डाग दिसतात, काळाच बरा, आणि ताई, तुझ्या रंगाऱ्यांनी छत केलं का, आणि मिठाचा डबा कुणी हलवला. लिफ्टराव "हं" म्हणाले. कशाला म्हणाले ते कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी भडका उडाला. धाकटीने न्हाणीघरातून टॉवेलसाठी चार हाका मारल्या. उत्तर नाही. शेवटी ती जुना गाउन तसाच ओल्या अंगावर घालून दाणकन दार उघडून बाहेर आली, तर नवरा खिडकीपाशी बसून टूथब्रशने गाडी घासतोय. तिने निकालच देऊन टाकला. या माणसाचे कान गेले. गाडीच्या त्या भुंग्याने खाल्ले. सोमवारची कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. कान खराब निघाले तर गाडी त्याच दिवशी घराबाहेर. आणि कुठे जाणार तेही ठरलं. गोदामाच्या अंगणात एक दातांचे डॉक्टर त्यांची भारीतली गाडी घेऊन यायचे. लिफ्टरावांच्या नव्या इंजिनावर त्यांचा डोळा होता. धाकटीने त्यांना फोन करून सांगून टाकलं, सोमवारी संध्याकाळी घेऊन जा. दातवाल्यांनी म्हणे फळीवर जागाही करून ठेवली.

लिफ्टराव "हं" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी तीच गाडी तीनदा पुसली, आणि तिसऱ्यांदा पुसताना हात फार सावकाश फिरत होता. ते थोरलीने पाहिलं. तिने बाजूला घेऊन विचारलं, अहो, सांगत का नाही तिला, चांगलं ऐकू येतं म्हणून.

"सांगतो," ते म्हणाले. "ती थांबली की सांगतो."

शनिवार संध्याकाळपर्यंत काही ती थांबली नाही.

रविवार उजाडला. सहा टाक्या झाल्या होत्या, आज पहिल्यांदा गाडी भरधाव सोडायची होती. कदाचित पहिल्यांदा आणि शेवटची. थोरलीने इंधनाची बाटली घेतली, लिफ्टरावांनी ड्रायर. दातवाले आधीच अंगणात पोचले होते आणि त्यांची निळी-पिवळी गाडी सुसाट पळत होती. लिफ्टराव त्यांच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले आणि इंजिनाला ऊब द्यायला लागले. तोच फाटकातून धाकटी आली. काखेत पर्स, हातात कात्री तशीच. कुणा बाईला दहाला मुलाखतीला जायचं होतं, म्हणून साडेसातलाच येऊन बसली होती. डोकं धुऊन झालं, टॉवेल गुंडाळला, आणि हुक रिकामा.

तिने नवरा पाहिला, ड्रायर पाहिला, गाडी पाहिली. मग बाटली धरून उभ्या असलेल्या सख्ख्या बहिणीला पाहिलं. तोंड उघडलं, पण इतकं काही एकदम बाहेर यायला बघत होतं की आधी काय म्हणावं ते तिलाच ठरवता येईना. त्या दोन सेकंदांत लिफ्टराव बोलले. तिच्याशी नव्हे.

"दातवाले, सुई पाव फेरा सोडा. इंधन कमी पडतंय तिला. चार फेऱ्यांत बसेल."

दातवाले हसले. त्यांच्या गाडीचं सगळंच नवीन होतं. पहिली फेरी, दुसरी. धाकटी कात्री धरून बघत राहिली. तिसरी. चौथ्या फेरीला गटाराच्या झाकणापाशी वळताना गाडीचा आवाज एकदम किनरा झाला, आणि गाडी गप्प. दातवाले धावले, बोट लावलं, चटका बसला, बोट तोंडात घातलं.

लिफ्टराव वळले नाहीत, ड्रायर फिरवत राहिले.

"तुमची पाठ होती तिकडे," धाकटी म्हणाली.

"हो."

"नुसत्या आवाजावरून कळलं."

"हो."

"म्हणजे कान शाबूत आहेत."

"आहेत की."

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. झालाही, निमिषभर. मग तिने धाकटीचे डोळे बारीक होताना पाहिले आणि तिला समजलं की हा बिचारा विहिरीतून निघून आडात पडला. कान गेले असते तर गाडी गेली असती. कान शाबूत म्हटल्यावर बावीस वर्षांचा हिशेब उभा राहिला. मिक्सरमागून, नळामागून, जिन्यावरून, न्हाणीघरातून मारलेली प्रत्येक हाक या माणसाला ऐकू आली होती, आणि तो बसून राहिला होता.

"मग शुक्रवारी चार हाका मारल्या, त्याचं काय?" धाकटीचा आवाज अगदी मऊ होता. तो असा मऊ झाला की थोरली लहानपणीसुद्धा पलंगाखाली शिरायची.

"पहिल्याच हाकेला टॉवेल दाराच्या कडीला अडकवला. तू दार न उघडताच ओरडत राहिलीस."

धाकटी आठवायला लागली. दार दाणकन उघडलं होतं खरं. नंतर टॉवेल जमिनीवर पडलेला पाहिला होता, आणि त्यावरूनही ती त्यांनाच बोलली होती.

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

लिफ्टरावांनी ड्रायर बंद केला. "इंजिन फुल स्पीडला असताना सुईला हात लावायचा नसतो. ते जरा मंद होईपर्यंत थांबायचं." मग थोडं थांबून, "मी थांबतो."

दातवाल्यांना अचानक आपल्या गाडीत फार काम निघालं. थोरलीने इंधनाची बाटली तोंडापुढे धरली, नाहीतर तिचं हसणं दिसलं असतं.

"आणि माझा ड्रायर? ती बाई तिकडे ओल्या डोक्याने बसलीय."

लिफ्टरावांनी पिशवीच्या तळातून एक खोकं काढलं आणि तिच्यापुढे धरलं. नवा कोरा ड्रायर. काल संध्याकाळीच द्यायचा होता, म्हणाले. पण काल ती बोलत होती.

धाकटीने तिथल्या तिथे खोकं उघडलं. वायर ओढून पाहिली. आरशाच्या प्लगपासून खुर्चीला वळसा घालून बेसिनपर्यंत पोचेल इतकी लांब होती. बटणं दाबून पाहिली. खोट काही सापडेना, आणि खोट न काढता वस्तू घेणं तिच्या रक्तात नाही.

"काळा कशाला आणला? मी निळा म्हटलं होतं."

"निळा आधी म्हणालीस. मग म्हणालीस, निळ्यावर रंगाचे डाग दिसतात, काळाच बरा. मग ताईंच्या छताचं विचारलंस. मग मिठाचा डबा." त्यांनी घसा साफ केला. "डबा मी हलवला होता. मुंग्या होत्या."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. सख्खी बहीण, एका ताटात जेवलेली. काय वाटेल ते झालं तरी आपली बाजू घेईल अशी हक्काची.

"काळाच म्हणाली होतीस," थोरली म्हणाली. "मी मटार सोलत होते."

धाकटीने खोकं काखेत मारलं. दातवाल्यांना सांगितलं, उद्या यायची गरज नाही, फळीवर दुसरं काहीतरी ठेवा. फाटकापर्यंत गेली, थांबली, वळली. तोंड उघडलं आणि मिटलं. लिफ्टराव एवढ्याचीच वाट बघत होते.

"मग हा जुना आता माझाच ना?"

"हं," धाकटी म्हणाली.