पानावरचा आडवा हात

स्थळ पारखायचं ते जेवायला बोलावून, असं आईचं ठाम मत होतं. तिच्या मते कांदेपोह्यांवर माणूस कळत नाही. बशीभर पोहे कुणीही शहाण्यासारखे खातो. वरण-भात, दोन भाज्या आणि एक गोड समोर ठेवा, मग बघा. माझ्या बाबतीत मात्र हे मत वापरून बघायला ती राहिली नाही. एक स्थळ खरंच जमेलसं दिसायला लागलं तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि घरात मी आणि बाबा दोघंच होतो. मला पाच माणसांचा स्वयंपाक येत नाही. बाबांना चहा येतो.

तेव्हा बुफेला जायचं ठरलं. इथे भोपाळात बरखेड्याच्या कारखान्यात बाबांबरोबर नोकरी केलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की जवळच एक शुद्ध शाकाहारी हॉटेल निघालंय आणि तिथे हवं तेवढं खाता येतं. ‘हवं तेवढं’ हे ऐकूनच बाबांचा निर्णय झाला. पाहुण्यांना काही कमी पडलं, असं कुणी म्हणायला नको.

मुलगा करोंदच्या मंडीजवळ बियाणं तपासायच्या एका प्रयोगशाळेत होता. आम्ही दोनदा कॉफीला भेटलो होतो. पहिल्या भेटीत त्याच्या हातून कॉफी सांडली, तर वेटरला हाक न मारता तो स्वतः उठला, फडकं मागून आणलं आणि टेबल पुसलं. छंद वगैरे त्याने विचारले नाहीत. मला तो आवडला होता. घरी मी हे बोलले नव्हते, कारण एकतिसाव्या वर्षी मुलीने ‘आवडला’ म्हटलं की बाप दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या तारखा विचारून येतो. पण हे जमावं असं मला फार वाटत होतं. आता फक्त दोन्हीकडच्या मोठ्यांनी एकत्र जेवायचं बाकी होतं.

त्या रविवारी गाडी चालवता चालवता बाबांनी विचारलं, “आई वाढताना काय काय म्हणायची गं?”

मी बघतच राहिले. चाळीस वर्षं हा माणूस तिच्या हातचं जेवला होता. पण बाबा कायम वाढून घेणाऱ्यांच्या रांगेत बसलेले. वाढणाऱ्याचं बोलणं त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. मग मी सांगत गेले. ‘एवढंसंच वाढते.’ ‘हे खास तुमच्यासाठी केलंय.’ ‘गोडाला नाही म्हणू नये.’ बाबा प्रत्येक वाक्य एकदा पुटपुटून बघत होते. एकच गोष्ट सांगायची मी विसरले, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

ती गोष्ट अशी. आपल्याकडे पाहुणा पानावर हात आडवा धरून नको म्हणतो, आणि त्या नकोला कुणी नको समजत नाही. यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने पुन्हा हात आडवा धरायचा. ह्यात खरा नको कुठला, हे ओळखण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती त्या आडव्या हाताकडे बघायचीच नाही. डोळ्यांकडे बघायची. “ज्याला हवं असतं तो नको म्हणताना भांड्याकडे बघतो,” ती म्हणायची. “ज्याला खरंच नको असतं तो दुसरीकडेच बघतो.” तिच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठला नाही आणि कुणी पोट धरूनही उठला नाही.

मुलगा आणि त्याचे आई-वडील अशोका गार्डन भागातल्या घरून आमच्या आधीच येऊन बसले होते. वडील राज्य सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे, बारीक अंगाचे, इस्त्रीच्या शर्टातले. आई ठसठशीत. नमस्कार झाले, कोण मूळचे कुठले ते झालं, आम्हीही नागपूरचेच निघालो, आणि मुलगा ताटं घ्यायला उठला.

“तुम्ही बसा,” बाबा म्हणाले. “पाहुण्यांनी उठायचं नसतं.”

“अहो काका, इथे आपलं आपणच घ्यायचं असतं,” तो म्हणाला.

“ते इतरांनी,” बाबा म्हणाले आणि चालू लागले.

त्या हॉलमध्ये एका भिंतीला लागून झाकणांची मोठमोठी भांडी मांडली होती, खाली निळ्या ज्योती. भिंतीवर हिंदीत मोठी पाटी, ‘उतना ही लें थाली में, व्यर्थ न जाए नाली में’. रांगेतले सगळे आपापल्या ताटात घेत होते. एकटे बाबा दोन हातांत दोन ताटं घेऊन दुसऱ्यांसाठी वाढत होते. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वर मीठ आणि लिंबू. मीठ नव्हतं तर काउंटरवरच्या माणसाकडून मागून घेतलं. आईचं ताट त्यांनी इतकं बघून ठेवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. एक वेटर अदबीने म्हणाला, “अंकलजी, यहाँ सेल्फ सर्विस है.” बाबा म्हणाले, “वही तो कर रहा हूँ.”

पहिली वाढणी झकास झाली. मुलाच्या वडिलांनी ताट बघून “वा, एकदम घरच्यासारखं” म्हटलं. बाबांचा चेहरा खुलला आणि तिथेच घात झाला. ते पुन्हा उठले.

“एवढंसंच वाढतो,” म्हणत त्यांनी पनीरचे पाच तुकडे घातले.

“बस जी, बस. बहुत झालं,” मुलाचे वडील हात आडवा धरून म्हणाले.

“हे खास तुमच्यासाठी केलंय,” बाबांनी पुढचं वाक्य टाकलं. मुलाच्या आईने मान वळवून काउंटरकडे पाहिलं. खास त्यांच्यासाठी केलेल्या त्या पनीरला तीसेक माणसं रांग लावून उभी होती.

आणि ते गृहस्थ खात होते. वाढलेलं पानात टाकायचं नाही, ह्या शिस्तीत वाढलेले. त्यात समोर ती पाटी. ताट रिकामं झालं की बाबा उठायचे, आणि भरलं की ते खाली मान घालून संपवायचे. घरच्या आग्रहाला निदान पातेल्याचा तळ असतो. डावाने खरवडल्याचा आवाज आला की यजमान आणि पाहुणा दोघंही सुटतात. इथे भांड्याचा तळ दिसायला लागला की आतून एक माणूस नवीन भरलेलं भांडं आणून ठेवत होता. तुपात बुडवलेला कणकेचा बाफला झाला, दुसरा बाफला झाला. मग पुलाव, मग गरम आहे म्हणून आणखी एक बाफला. बाबांचं स्वतःचं ताट तसंच गार होत पडलं होतं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

टेबलावरचा कुणीच काही बोलत नव्हता. मी बोलले नाही, कारण मुलीने बापाला पाहुण्यांसमोर अडवलं तर मुलगी फटकळ ठरते. मुलाची आई का बोलत नव्हती ते मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढं मात्र दिसत होतं, की टेबलक्लॉथच्या खाली ती नवऱ्याच्या पायावर पाय देत होती, कारण दर वेळी ते गृहस्थ किंचित दचकत होते.

शेवटी गोड आलं. म्हणजे बाबांनी आणलं. भोपाळात राहून मावा बाटी माहीत नसेल असा माणूस नाही. गुलाबजामाची थोरली बहीण, मुठीएवढी, आत सुका मेवा, पाकात बुडालेली. अशा दोन एका वाटीत बसवून बाबांनी ती वाटी मुलाच्या वडिलांच्या ताटात ठेवली.

“नाही जी. सच में नको,” ते म्हणाले.

“गोडाला नाही म्हणू नये,” बाबा म्हणाले. शेवटचं वाक्य. एवढीच वाक्यं मी शिकवली होती.

मी त्या गृहस्थांकडे बघितलं. हात आडवा होता. कपाळावर घाम होता. आणि डोळे वाटीकडे नव्हते. ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्या एका स्कूटरकडे अशा एकाग्रतेने बघत होते, जणू ती विकत घ्यायची आहे. मग त्यांनी हात बाजूला घेतला आणि चमचा उचलला.

मी वाटी उचलली.

“मला फार आवडते,” मी म्हणाले आणि खायला लागले.

होणाऱ्या सासऱ्याच्या ताटातलं गोड उचलून खाणारी मुलगी मी तरी कुठे ऐकली नव्हती. पहिली बाटी संपेपर्यंत टेबलावर फक्त माझ्या चमच्याचा आवाज होता. दुसरीला मला मळमळायला लागलं, पण पानात टाकायचं नाही. मुलगा माझ्याकडे बघत होता. काय वाटतंय त्याला, ते मला काही केल्या कळेना. बाबा ताटाजवळ तसेच उभे होते.

परत येताना गाडीत ते म्हणाले, “पाहुण्याच्या पानातलं उचललंस तू. आई असती तर…” आई असती तर तिनेही तीच वाटी उचलली असती, हे मला सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे तुमचं चुकलं असं म्हणायचं, आणि त्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा कुणाला वाढायला उभे राहिले होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

“गेलं ते स्थळ,” घराचं कुलूप काढताना ते म्हणाले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन नाही. मुलाचाही मेसेज नाही. मीही केला नाही, कारण माझ्यातही कुठेतरी नागपूरचा ताठा आहे. शुक्रवारपर्यंत मी स्वतःला पटवून दिलं होतं, की दोन मावा बाट्यांवरून मोडतं ते लग्न होऊच नये. पटलं नव्हतं. बँकेत माझ्या कामात चुका होत होत्या आणि मला रडू येत होतं.

रविवारी सकाळी फोन आला. मुलाची आई.

“तुमचे सासरे अब ठीक आहेत,” ती म्हणाली. ‘सासरे’ हा शब्द मला ऐकू आला, तरी खात्री करायला मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “शुगर आहे ना त्यांना, दहा साल झाले. आठवडाभर नुसती धावपळ होती, म्हणून फोन नाही करू शकली. मुलानेही मला सांगून ठेवलं होतं, आई आधी तू बोल, मग मी.”

“तुम्ही तिथे सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“कशी सांगू? घरात बीमारी आहे म्हणून तुम्ही लोक नाही म्हणाले असते तर? आणि यांचं अलगच. मुलीचा बाप वाढतो आहे, त्याला नाही म्हटलं तर स्थळालाच नाही म्हटल्यासारखं होईल, म्हणे. मी तर पाय देऊन देऊन थकली होती. तू ती वाटी उचलली ना, तेव्हाच मी ठरवलं. पण तुझ्या बाबांना आता वाढायला नको उभं करू.”

मी बाबांना सांगितलं. शुगरचं सांगितलं नाही, ते पुढे त्यांना कळलंच. ते “बरं झालं” म्हणाले. मग दुसऱ्या खोलीत जाऊन आईच्या फोटोसमोरची काडेपेटी उगाच इकडची तिकडे करत राहिले.

दुपारी मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली होती. बाबांनी भात एकदा घेतला. दुसऱ्यांदा मी डाव उचलला तर त्यांनी हात आडवा धरला.

“नको. पोट भरलं.”

ते पातेल्याकडे बघत होते. मी वाढलं. त्यांनी सगळा भात संपवला आणि आणखी थोडं वरण मागून घेतलं.

आता मी अशोका गार्डनला असते. सासरे ठणठणीत आहेत. बाबा आले की ते दोघं जपून, एकमेकांना अजिबात आग्रह न करता जेवतात. बाबा बरखेड्याच्या आमच्या घरीच एकटे राहतात, डबा लावलाय. रोज दुपारी मी बँकेतून फोन करते आणि विचारते, नीट जेवलात ना. ते म्हणतात, हो, पोटभर. व्हिडिओ कॉल केला तर फोन असा धरतात, की मला नुसता छताचा पंखा दिसतो. बोलताना ते कुठे बघत असतात ते मला कळत नाही.